इंग्रजी आकडे : लिहायचे कसे, बोलायचे कसे

गेली काही वर्षे मी संध्याकाळच्या वेळी, मराठी माध्यमातून शिकलेल्या प्रौढांना व्यवहारापुरते इंग्रजी शिकवते. पहिल्या दिवशी मी फळ्यावर काहीही लिहीत नाही. 'एकोणसाठ' एवढेच मोठ्याने म्हणते आणि हा आकडा इंग्रजीत सांगायला सांगते. वर्गातून हमखास दोन उत्तरे येतात : 'फिफ्टी नाइन' आणि 'सिक्स्टी नाइन'. दुसरे उत्तर देणाऱ्याला इंग्रजी आकडे येत नाहीत असे मुळीच नाही. त्याला 'वन'पासून 'हंड्रेड'पर्यंत म्हणायला सांगितले तर तो न अडखळता म्हणून दाखवतो. झालेले असते ते इतकेच, की त्याच्या कानात 'साठ' घुमत राहिलेले असते आणि जीभ आपोआप 'सिक्स्टी'कडे वळलेली असते.

इंग्रजी आकडे शिकताना मराठी माणसाच्या बहुतेक चुका याच जातीच्या असतात. म्हणून पुढे जे काही सांगणार आहे, त्या सगळ्याच्या मुळाशी एकच सवय आहे : मराठी शब्दावरून थेट इंग्रजी शब्दावर उडी मारू नये. आधी मराठी शब्दावरून अंक डोळ्यांसमोर आणावेत आणि मग ते अंक पाहून इंग्रजी शब्द म्हणावा. 'एकोणसाठ' ऐकल्यावर मनात ५ आणि ९ उभे राहिले की 'फिफ्टी नाइन' चुकणे शक्यच नाही. सुरुवातीला यात दोन-तीन सेकंद जातात. ते जाऊ द्यावेत; महिन्याभरात मधली पायरी जाणवेनाशी होते.

पहिली पायरी : अठ्ठावीस शब्द

नव्याने शिकणाऱ्यांच्या मनातली भीती कमी करणारी एक गोष्ट आधी सांगते. शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंतचे सगळे इंग्रजी आकडे केवळ अठ्ठावीस शब्दांत बसतात. 'झीरो'पासून 'नाइन्टीन'पर्यंतचे वीस शब्द आणि 'ट्वेंटी', 'थर्टी', 'फोर्टी', 'फिफ्टी', 'सिक्स्टी', 'सेव्हन्टी', 'एटी', 'नाइन्टी' हे दहाच्या पटींचे आठ शब्द पाठ झाले की बाकीचे आकडे आपले आपण जुळवता येतात. मराठीत तसे नाही. बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव हे शब्द सावकाश म्हणून पाहा. दोन हा एकच अंक कुठे 'बा' होतो, कुठे 'ब', कुठे 'बे', तर कुठे 'ब्या'. ज्याने लहानपणी ही सगळी रूपे तोंडपाठ केली, त्याला अठ्ठावीस शब्द जड जाण्याचे कारण नाही.

अवघड आहे तो क्रम. मराठीत एकक आधी येतो आणि दशक नंतर. 'सत्तेचाळीस' या शब्दात सात आधी ऐकू येतात आणि चाळीस मागून. इंग्रजीत तेरा ते एकोणीस या आकड्यांत आपल्यासारखाच एकक आधी येतो, म्हणजे 'फोरटीन'मध्ये चार आधी आणि दहा नंतर. पण एकवीसपासून क्रम उलटतो आणि 'फोर्टी सेव्हन'मध्ये चाळीस आधी, सात नंतर. लिहिताना आपण डावीकडून उजवीकडे आधी ४ आणि मग ७ लिहितो, म्हणजे एकवीसच्या पुढचे इंग्रजी शब्द लिहिण्याच्या क्रमानेच चालतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशी संख्यावाचनाची पद्धत आली आणि त्यावरून महाराष्ट्रभर वाद झाला, तोही याच क्रमावरून. त्या वादात कोणती बाजू बरोबर होती हा या लेखाचा विषय नाही; पण मुलांना आणि मोठ्यांना नेमके कुठे अडखळायला होते, हे त्या निमित्ताने सर्वांसमोर आले.

सर्वांत जास्त घात करतात ते 'एकोण'चे सात शब्द : एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी. यांत पुढच्या दशकाचे नाव असते आणि एक कमी केलेला असतो. इंग्रजीत ही वजाबाकीची रीत नाही. म्हणून या सातांचा वेगळा सराव करावा. एका कागदावर शब्द लिहावेत, शेजारी फक्त अंक लिहावेत आणि अंकांकडे बघत इंग्रजी नाव म्हणावे. नव्व्याऐंशी आणि नव्व्याण्णव हे दोन शब्द 'एकोण'चे नसल्यामुळे तिथे ही चूक सहसा होत नाही; जे नव्व्याऐंशीला 'एकोणनव्वद' म्हणतात, त्यांनी मात्र तो शब्दही या यादीत धरावा.

उच्चाराची एक जागा मात्र जपायला हवी. 'थर्टीन' आणि 'थर्टी', 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी', 'सिक्स्टीन' आणि 'सिक्स्टी' या जोड्या फोनवर हमखास एकमेकींत मिसळतात. 'टीन'वाल्या शब्दात जोर शेवटी द्यावा, 'टी' लांबवावा आणि शेवटचा 'न' स्पष्ट उमटू द्यावा. 'टी'वाल्या शब्दात जोर सुरुवातीला द्यावा आणि शेवट आखूड ठेवावा. एवढे करूनही शंका उरली तर अंक सुटे करून सांगण्याची पद्धत उत्तम : 'फिफ्टीन, वन फाइव्ह' किंवा 'फिफ्टी, फाइव्ह झीरो'. यात कमीपणा वाटून घेऊ नये. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही पैशांच्या व्यवहारात असेच करतात.

दुसरी पायरी : स्पेलिंग

इथे फार वेळ घालवण्याची गरज नाही, कारण चुकण्याच्या जागा मोजक्या आहेत. 'फोर' आणि 'फोरटीन' यांच्या स्पेलिंगमध्ये 'यू' आहे, 'फोर्टी'मध्ये नाही. ते एफ, ओ, आर, टी, वाय असे पाचच अक्षरांचे आहे. 'फाइव्ह'मधला 'व्ही' 'फिफ्टीन', 'फिफ्टी' आणि 'फिफ्थ' या तिन्हींत 'एफ' होतो. 'एट'पासून 'एटीन', 'एटी' आणि 'एट्थ' करताना दुसरा 'टी' लिहायचा नसतो. 'नाइन्टीन' आणि 'नाइन्टी' यांत 'नाइन'चा शेवटचा 'ई' टिकतो, पण 'नाइन्थ'मध्ये तो गळतो. 'ट्वेल्व्ह'चे 'ट्वेल्फ्थ' होते, म्हणजे 'व्ही' आणि 'ई' जाऊन त्यांच्या जागी 'एफ' येतो.

एकवीसपासून नव्व्याण्णवपर्यंतचे जोडशब्द लिहिताना मध्ये जोडरेघ द्यायची, जसे 'ट्वेंटी-वन' किंवा 'सिक्स्टी-थ्री'. दहाच्या पूर्ण पटींना ती लागत नाही आणि 'हंड्रेड', 'थाउजंड' यांच्या आधी-नंतरही लागत नाही.

तिसरी पायरी : शंभर, हजार आणि मधला 'अँड'

तीन अंकी संख्या वाचताना शेकड्याचा अंक, मग 'हंड्रेड' आणि नंतर उरलेली दोन अंकी संख्या असा क्रम असतो. १०५ म्हणजे 'वन हंड्रेड अँड फाइव्ह', ३६३ म्हणजे 'थ्री हंड्रेड अँड सिक्स्टी-थ्री'. 'हंड्रेड'नंतरचा 'अँड' ब्रिटिश इंग्रजीत आणि आपल्याकडच्या इंग्रजीत म्हटला जातो. अमेरिकेत तो बहुधा गाळतात. दोन्ही बरोबर आहेत. एका लेखनात एकच रीत पाळावी, इतकेच पथ्य. शेकड्याच्या जागी शून्य असेल तरी ब्रिटिश रीतीने 'अँड' येतो : २००५ या संख्येचे वाचन 'टू थाउजंड अँड फाइव्ह'.

मराठीत आपण 'पाचशे'चे 'पाचशें' करत नाही, तसेच इंग्रजीतही संख्या नेमकी असेल तर 'हंड्रेड' आणि 'थाउजंड' यांना अनेकवचनाचा 'एस' लावत नाहीत. 'फाइव्ह हंड्रेड रुपीज', 'टेन थाउजंड पीपल' असेच म्हणायचे. 'शेकडो माणसे', 'हजारो रुपये' असा मोघम अर्थ असेल तेव्हाच 'हंड्रेड्स ऑफ', 'थाउजंड्स ऑफ' येते. याच्याशी मिळतीजुळती आणखी एक चूक कार्यालयीन पत्रांत फार दिसते. 'दहा रुपयांची नोट' म्हणजे 'टेन-रुपी नोट', 'पाच वर्षांचा मुलगा' म्हणजे 'फाइव्ह-इयर-ओल्ड बॉय'. संख्या आणि नाम मिळून विशेषण झाले की नाम एकवचनी राहते आणि जोडरेघ येते.

आपण 'बाराशे', 'पंधराशे' म्हणतो. अमेरिकी बोलण्यात 'ट्वेल्व्ह हंड्रेड', 'फिफ्टीन हंड्रेड' अगदी सर्रास ऐकू येते, त्यामुळे मराठी माणसाला ती रीत ओळखीची वाटते. बोलताना ती खुशाल वापरावी. अर्जात किंवा चेकवर मात्र 'वन थाउजंड टू हंड्रेड' असे लिहावे.

चौथी पायरी : स्वल्पविराम पाहायला शिकणे

मोठ्या संख्यांची भीती जिथे संपते ती जागा ही. मोठ्या संख्येतला स्वल्पविराम नुसता शोभेचा नसतो. प्रत्येक स्वल्पविराम म्हणजे तोंडाने उच्चारायचा एक शब्द असतो. भारतीय पद्धतीत उजवीकडून पहिला स्वल्पविराम तीन अंकांनंतर आणि पुढचे दोन-दोन अंकांनंतर येतात, आणि त्यांची नावे उजवीकडून अनुक्रमे 'थाउजंड', 'लॅक' आणि 'क्रोर' अशी आहेत. आंतरराष्ट्रीय पद्धतीत प्रत्येक स्वल्पविराम तीन अंकांनंतर येतो आणि त्यांची नावे 'थाउजंड', 'मिलियन', 'बिलियन'.

एक खरा आकडा घेऊ. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ होती. ही संख्या डावीकडून वाचत जावी आणि स्वल्पविराम आला की त्याचे नाव घ्यावे : 'इलेव्हन क्रोर, ट्वेंटी-थ्री लॅक, सेव्हन्टी-फोर थाउजंड, थ्री हंड्रेड अँड थर्टी-थ्री'. आता तेच अंक एकही न बदलता आंतरराष्ट्रीय पद्धतीने मांडा : ११२,३७४,३३३. वाचन होते 'वन हंड्रेड अँड ट्वेल्व्ह मिलियन, थ्री हंड्रेड अँड सेव्हन्टी-फोर थाउजंड, थ्री हंड्रेड अँड थर्टी-थ्री'. शेवटचा शेकडा दोन्हींत सारखाच आहे, इथे तर हजारांतले 'सेव्हन्टी-फोर'ही कायम आहे, पण त्याच्या आधी 'थ्री हंड्रेड' येऊन चिकटले आहे, कारण तेवीस लाखांतले तीन आता हजारांच्या गटात गेले. त्याच जनगणनेतली गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती. ती स्वतः दोन्ही पद्धतींनी लिहून पाहावी. दुसऱ्या मांडणीत ती १,४५८,५४५ अशी दिसली आणि 'वन मिलियन'ने सुरू झाली, तर कृती जमली.

रूपांतराची एवढी चार वाक्ये पाठ असू द्यावीत. एक लाख म्हणजे 'हंड्रेड थाउजंड'. दहा लाख म्हणजे 'वन मिलियन'. एक कोटी म्हणजे 'टेन मिलियन'. शंभर कोटी, म्हणजेच एक अब्ज, म्हणजे 'वन बिलियन'. बातमीत 'साडेतीन मिलियन' दिसले की दहाने गुणून पस्तीस लाख करावेत. 'दोन बिलियन' दिसले की शंभराने गुणून दोनशे कोटी करावेत. अर्थसंकल्पाच्या बातम्यांत येणारे 'लाख कोटी' म्हणजे 'वन ट्रिलियन'. जुनी ब्रिटिश पुस्तके वाचणाऱ्यांनी एक सावधगिरी बाळगावी. ब्रिटनमध्ये पूर्वी 'बिलियन' म्हणजे दशलक्ष वेळा दशलक्ष, म्हणजे आजच्या हजार पट मोठी संख्या मानत. १९७४ मध्ये तिथल्या सरकारने हजार दशलक्ष हाच अर्थ अधिकृतपणे स्वीकारला.

भारतात पत्रव्यवहार असेल तर 'लॅक' आणि 'क्रोर' लिहिण्यात काहीही गैर नाही. ते भारतीय इंग्रजीतले रुळलेले शब्द आहेत. परदेशातल्या कंपनीला किंवा विद्यापीठाला लिहिताना मात्र 'मिलियन'ची पद्धत वापरावी आणि स्वल्पविरामही त्याप्रमाणे द्यावेत. शब्द 'मिलियन'चा आणि स्वल्पविराम लाखाचा अशी सरमिसळ झाली की वाचणारा बुचकळ्यात पडतो. जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. तिथे हजारांच्या गटांमध्ये टिंब देतात आणि दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात, म्हणजे आपल्या नेमके उलट.

पाचवी पायरी : सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच

मराठीचे हे वैभव इंग्रजीत जसेच्या तसे नाही, आणि म्हणूनच इथे गोंधळ उडतो. सव्वाशे म्हणजे १२५, दीडशे म्हणजे १५०, पावणेदोनशे म्हणजे १७५, अडीचशे म्हणजे २५०. यांतल्या कशाचेही शब्दशः भाषांतर करू नये. अंक मनात आणून 'वन हंड्रेड अँड ट्वेंटी-फाइव्ह', 'वन हंड्रेड अँड सेव्हन्टी-फाइव्ह' असे सरळ म्हणावे. लाख-कोटींच्या बाबतीत 'दीड लाख'ला 'वन अँड अ हाफ लॅक' किंवा 'वन लॅक फिफ्टी थाउजंड' दोन्ही चालतात.

घड्याळाच्या वेळेत मात्र इंग्रजी आपल्या बरीच जवळ आहे. सव्वातीन म्हणजे 'क्वार्टर पास्ट थ्री', साडेतीन म्हणजे 'हाफ पास्ट थ्री', पावणेतीन म्हणजे 'क्वार्टर टू थ्री'. पावणेतीनमध्ये जे 'तीन' ऐकू येतात तेच इंग्रजीतही राहतात, हे ध्यानात ठेवावे. दोन वाजून पंचेचाळीस मिनिटे झाली असे मनात म्हणत बसल्यामुळे काही जण 'क्वार्टर टू टू' म्हणून मोकळे होतात आणि भेटीची वेळ तासाभराने चुकते. दीड आणि अडीच या दोन शब्दांत तासाचे नाव ऐकूच येत नाही, म्हणून ते वेगळे पाठ करावेत : 'हाफ पास्ट वन' आणि 'हाफ पास्ट टू'. ज्याला यातले काहीच खात्रीने सुचत नसेल त्याने 'टू फोर्टी-फाइव्ह' असे अंक वाचावेत. ते तितकेच शुद्ध आहे.

सहावी पायरी : चेक आणि पैशांची पावती

इंग्रजी आकडे अक्षरी लिहिण्याची वेळ सर्वसामान्य माणसावर सर्वांत जास्त येते ती बँकेत, म्हणून इथे जरा थांबून पाहू.

माझ्या वर्गातल्या एका गृहस्थांनी घरभाड्याचा चेक लिहिला होता. अंकांत १४,००० बरोबर होते. अक्षरांत त्यांनी 'फोर्टी थाउजंड' लिहिले. 'फोरटीन' लिहायला घेतले, 'टी'नंतर काय येते याची खात्री वाटेना, म्हणून त्यांना ठाऊक असलेला शेवट त्यांनी लावून टाकला. चेक परत आला, भाडे उशिरा पोहोचले आणि घरमालकाशी विनाकारण बोलाचाली झाली. पराक्राम्य लेख अधिनियम, १८८१ (नेगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) या चेकना लागू असलेल्या कायद्याच्या कलम १८ नुसार अंक आणि अक्षरे यांत फरक असेल तर अक्षरी रक्कम ग्राह्य धरायची असते. प्रत्यक्षात बँका सहसा असा चेक न वटवता परत करतात. दोन्ही दृष्टींनी पाहिले तर अक्षरांतली चूक अंकांतल्या चुकीपेक्षा महाग पडते.

आता कृती. समजा रक्कम ४७,५१९ रुपये आहे. आधी चौकटीत अंक लिहावेत, स्वल्पविराम द्यावा आणि शेवटी तिरकी रेघ व आडवी रेघ ओढावी, म्हणजे पुढे कुणाला अंक वाढवता येत नाही. मग 'रुपीज' हा छापील शब्द जिथे संपतो तिथून, मध्ये जागा न सोडता, 'फोर्टी-सेव्हन थाउजंड फाइव्ह हंड्रेड नाइन्टीन ओन्ली' असे लिहावे. प्रत्येक स्वल्पविरामापाशी 'थाउजंड' किंवा 'लॅक' आला का, हे बोट ठेवून तपासावे. 'ओन्ली'नंतर उरलेल्या जागेत आडवी रेघ मारावी. चेकवर 'अँड' लिहिले नाही तरी चालते. पैसे असतील तर 'अँड पैसे फिफ्टी ओन्ली' असा शेवट करावा. खाडाखोड झाली तर तो चेक फाडून नवा घ्यावा, कारण चेक वटवण्याच्या सध्याच्या (क्लिअरिंगच्या) पद्धतीत रकमेतली किंवा नावातली दुरुस्ती सही करूनही चालत नाही.

शब्दांच्या क्रमाबद्दल एक खुलासा. रुपयाचे चिन्ह अंकाच्या आधी लिहितात, पण वाचताना 'रुपीज' नंतर येते : लिहायचे चिन्ह आणि मग ५००, म्हणायचे 'फाइव्ह हंड्रेड रुपीज'. डॉलर आणि पाउंड यांनाही हाच नियम लागू होतो. स्पेलिंगची शंका आली आणि जवळ काहीच नसेल, तर खिशातली नोट काढून पाहावी. तिच्यावर इंग्रजीत रक्कम अक्षरी छापलेली असते, आणि मागच्या बाजूला पंधरा भाषांच्या पट्ट्यात आपली मराठी आणि कोकणीही असते.

या पायरीतच अंकांच्या वळणाबद्दल सांगायला हवे. मराठी माध्यमात शिकलेल्यांच्या हातात देवनागरी अंक बसलेले असतात आणि घाईत दोन्ही लिप्या एकमेकींत मिसळतात. देवनागरी १ घाईने लिहिला की इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि देवनागरी ४ इंग्रजी आठसारखा. एका अर्जात एकच लिपी वापरावी. ज्यांना आपण 'इंग्रजी आकडे' म्हणतो ते मुळात भारतातूनच जगभर गेले, आणि राज्यघटनेच्या ३४३ व्या अनुच्छेदात त्यांना 'भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप' असेच म्हटले आहे. ते परके समजून बिचकण्याचे कारण नाही.

सातवी पायरी : जे आकडे मोजायचे नसतात

काही आकड्यांत किंमत नसते, केवळ ओळख असते. फोन नंबर, पिन कोड, गाडीचा क्रमांक, आधार क्रमांक हे सगळे या प्रकारात येतात आणि ते एकेक अंक सुटा करून वाचायचे असतात. डेक्कन क्वीनचा मुंबईहून सुटणारा क्रमांक १२१२३ आहे. तो 'वन टू वन टू थ्री' असा वाचावा, 'ट्वेल्व्ह थाउजंड' म्हणू नये. एकच अंक लागोपाठ दोनदा आला की 'डबल' आणि तीनदा आला की 'ट्रिपल' म्हणण्याची पद्धत आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये आहे. पुण्याच्या सदाशिव पेठेचा पिन कोड ४११०३० हा 'फोर, डबल वन, झीरो, थ्री, झीरो' असा सांगता येतो. अमेरिकेतल्या माणसाला 'डबल'ची सवय नसते. त्याला प्रत्येक अंक वेगळाच सांगावा. मुंबईच्या जनरल पोस्ट ऑफिसचा ४००००१ हा कोड तर आपल्या माणसालाही एका दमात सांगू नये. चार शून्ये दोन-दोन करून, मध्ये थांबून सांगावीत.

लांब क्रमांक गट पाडून म्हणावा आणि प्रत्येक गटानंतर समोरच्याला लिहायला वेळ द्यावा. दहा अंकी मोबाइल क्रमांक पाच-पाचच्या गटांत, आधारचे बारा अंक चार-चारच्या गटांत सांगितले की ऐकणाऱ्याची चूक होत नाही. शून्याला बोलताना 'ओ' म्हणण्याची रीत आहे, पण जिथे अक्षरे आणि अंक एकत्र येतात तिथे ती टाळावी. बँकेच्या आयएफएससी कोडमध्ये अकरा चिन्हे असतात आणि पाचवे चिन्ह नेहमी शून्य असते; फोनवर 'ओ' ऐकून तिथे इंग्रजी अक्षर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि मग पैसे पाठवताना कोड चुकीचा असल्याचा संदेश येतो.

आठवी पायरी : साल आणि तारीख

इथे मराठी आपल्या मदतीला येते. आपण 'सतराशे एकसष्ट', 'एकोणीसशे साठ' असे म्हणतो, म्हणजे सालाचे दोन-दोन अंकांचे दोन तुकडे करतो. इंग्रजीतही तसेच दोन तुकडे असतात. फक्त मधला 'शे' गाळायचा. पानिपतचे १७६१ म्हणजे 'सेव्हन्टीन सिक्स्टी-वन', शिवराज्याभिषेकाचे १६७४ म्हणजे 'सिक्स्टीन सेव्हन्टी-फोर', महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचे १९६० म्हणजे 'नाइन्टीन सिक्स्टी'. दुसऱ्या तुकड्यात शून्य आधी असेल तर 'ओ' म्हणतात : १९०५ म्हणजे 'नाइन्टीन ओ फाइव्ह'. १९०० ला 'नाइन्टीन हंड्रेड' आणि २००० ला 'टू थाउजंड' म्हणतात. २००१ ते २००९ ही वर्षे 'टू थाउजंड अँड फाइव्ह' अशी वाचतात, आणि त्यापुढे 'ट्वेंटी ट्वेंटी-फोर' अशी दोन तुकड्यांची रीत पुन्हा सुरू होते.

तेच अंक साल नसून माप असेल तर वाचन बदलते. कळसूबाई शिखराची उंची १,६४६ मीटर आहे आणि ती 'वन थाउजंड सिक्स हंड्रेड अँड फोर्टी-सिक्स मीटर्स' अशी वाचायची. साल असते तर 'सिक्स्टीन फोर्टी-सिक्स' झाले असते. लिहिताना सालात स्वल्पविराम कधीही देऊ नये.

तारखेसाठी क्रमवाचक शब्द लागतात. 'फर्स्ट', 'सेकंड', 'थर्ड' हे तीन वेगळे आहेत, बाकी सगळ्यांच्या शेवटी 'थ' लागतो. अकरा, बारा आणि तेरा यांना 'इलेव्हन्थ', 'ट्वेल्फ्थ', 'थर्टीन्थ' म्हणतात, पण एकवीस, बावीस, तेवीस यांना पुन्हा 'ट्वेंटी-फर्स्ट', 'ट्वेंटी-सेकंड', 'ट्वेंटी-थर्ड'. १ मे ही तारीख 'फर्स्ट ऑफ मे' किंवा 'मे द फर्स्ट' अशी वाचावी. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात, त्यामुळे ५/६ अशी तारीख आपल्याकडे पाच जून आणि तिकडे सहा मे ठरते. व्हिसाच्या, परीक्षेच्या किंवा प्रवासाच्या कागदांत महिन्याचे नाव अक्षरांतच लिहिण्याची सवय ठेवावी.

नववी पायरी : दशांश, अपूर्णांक, टक्के

दशांश चिन्हाला 'पॉइंट' म्हणतात आणि त्यापुढचे अंक सुटे वाचतात. ३.१४ म्हणजे 'थ्री पॉइंट वन फोर'. 'थ्री पॉइंट फोरटीन' ही चूक इतकी सार्वत्रिक आहे की ती बरोबर वाटू लागली आहे, पण ३.१४ हे ३.९ पेक्षा लहान असते आणि 'फोरटीन' ऐकणाऱ्याला ते मोठे वाटते, एवढे कारण ती टाळायला पुरेसे आहे. पैशांत मात्र 'थ्री रुपीज फोरटीन पैसे' हेच योग्य. अपूर्णांकांत अर्ध्याला 'हाफ', पावाला 'क्वार्टर', पाऊणला 'थ्री-क्वार्टर्स' आणि दोन तृतीयांशाला 'टू-थर्ड्स' म्हणतात. टक्क्यांसाठी 'पर सेंट' वापरतात आणि त्याला 'एस' लागत नाही.

दहावी पायरी : मजकुरात अंक की अक्षर

इंग्रजी पत्र किंवा निबंध लिहिताना एक ते नऊ अक्षरांत आणि दहापासून पुढे अंकांत ही रूढ पद्धत आहे. काही संस्था ही सीमा दहावर ठेवतात, काही त्याहूनही पुढे नेतात. वाक्याची सुरुवात अंकाने करू नये. तसा प्रसंग आला तर वाक्याची रचना बदलावी. वजन, अंतर, टक्के, तारीख आणि रक्कम यांना अंकच वापरावेत. एका वाक्यात एकाच प्रकारच्या वस्तू मोजत असाल तर सगळे अंकांत किंवा सगळे अक्षरांत ठेवावे.

सराव कसा करावा

माझ्या वर्गात आम्ही सराव जोडीने करतो. एकाच्या हातात विजेचे बिल, रेल्वेचे तिकीट किंवा क्रिकेटच्या धावांचा कागद असतो आणि दुसऱ्याच्या हातात कोरी वही. पहिला माणूस इंग्रजीत आकडा म्हणतो, दुसरा अंकांत लिहितो आणि लिहिलेला आकडा मोठ्याने परत वाचून दाखवतो. सुनील गावसकर यांच्या कसोटी धावा १०,१२२ आणि सचिन तेंडुलकर यांच्या १५,९२१ हे दोन आकडे मी नेहमी देते. पहिल्यात शंभरांच्या अलीकडचे 'टेन थाउजंड' नीट ऐकू येते की नाही हे कळते, आणि दुसऱ्यात 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांची परीक्षा होते. ज्याच्या वहीत १५ ऐवजी ५० उतरते, त्याला आम्ही चूक सांगत नाही. म्हणणाऱ्यालाच तो आकडा, शेवटचा 'न' ऐकू येईल अशा बेताने, पुन्हा म्हणायला लावतो. घरी जोडीदार नसेल तर फोनच्या ध्वनिमुद्रकात वीस आकडे म्हणून ठेवावेत, दोन दिवसांनी कागद-पेन घेऊन ते ऐकावेत आणि लिहावेत. आपण काय म्हणालो होतो हे तोपर्यंत विसरलेले असते, त्यामुळे लिहिलेला आकडा आणि मूळ कागद यांची तुलना केली की जीभ चुकते की कान, हे लगेच समजते.